विषय सोडून

ज्या उत्तरपत्रिकेबद्दल मी लिहिणार आहे ती अजून माझ्या पेटीत आहे. फुलस्केपचे चार कागद, कडेला दोऱ्याने टाचलेले. तिसऱ्या पानाच्या समासात टाचणीची दोन भोकं आहेत. त्या टाचणीला काय अडकवलं होतं हे मला आणि माझ्या धाकट्या भावालाच ठाऊक आहे, आणि आम्ही दोघं त्याबद्दल आजवर एक अक्षर बोललेलो नाही. आता माझी पन्नाशी जवळ आली. मी बोललो नाही तर ते कोणी बोलणार नाही, एवढ्यासाठी लिहीत आहे.

सन एकोणीसशे तीसच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. सोलापुरातल्या एका मराठी शाळेत मी सातवीला शिकवत होतो. वडील गिरणीच्या कचेरीत कारकून होते. ते गेल्यावर घरात आई, मी आणि माझ्याहून अकरा वर्षांनी लहान भाऊ, एवढेच उरलो. भाऊ माझ्याच वर्गात होता. शाळेत मला गुरुजी म्हणायचा, घरी दादा. मला मात्र घरीही गुरुजीपण सोडता येत नसे.

सातवीच्या फायनल परीक्षेत मी स्वतः केंद्रात दुसरा आलो होतो. पहिला यायला चार गुण कमी पडले. पहिल्याला स्कॉलरशिप मिळाली, तो पुण्याला गेला, पुढे मोठा झाला. मी सोलापुरात राहिलो. ते चार गुण कोणत्या पेपरात गेले हे मला कधी कळलं नाही, म्हणून मी ते प्रत्येक पेपरात शोधत असे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात काळ्या रंगाची एक लाकडी पाटी होती. केंद्रात पहिल्या आलेल्या मुलांची नावं तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहीत. तीन वर्षं तिच्यावर नवीन नाव चढलं नव्हतं. हेडमास्तर तिच्याखालून जाताना माझ्याकडे बघत आणि म्हणत, "काय मास्तर, यंदा रंगाऱ्याला सांगून ठेवू ना? तुमच्या घरातच शिजतोय म्हणे पहिला नंबर!"

शिजत होता, हे खरं. भावाची बुद्धी माझ्याहून कितीतरी चांगली होती. अडचण एकच होती. त्याला जे कळायचं ते परीक्षेच्या उपयोगाचं नसायचं.

त्या वर्षी त्याला विहिरींचं वेड लागलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक विहीर होती, आणि आसपासच्या गल्ल्यांत आणखी तीन. म्युनिसिपालिटीचा नळ लांब, त्यालाही उन्हाळ्यात पाणी दिवसाआड, तेही बोटभर धारेचं. सगळा भार विहिरींवर. पाणी दर उन्हाळ्यात किती खाली जातं, चारही विहिरींत सारखं जातं का, एकीचं पाणी उपसलं तर दुसरीचं उतरतं का, असे प्रश्न त्याला पडत. गल्लीत एक म्हातारे विणकर राहत. सगळे त्यांना तेलुगूत ताता, म्हणजे आजोबा, म्हणत. त्यांच्याकडून त्याने मागावरचं उरलेलं पांढरं सूत आणलं, त्याला दुहेरी पीळ देऊन लांब दोरी केली, दर वितीला गाठ मारली, टोकाला दगड बांधला. रोज शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचं आणि चार विहिरी मोजून यायच्या. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी, ते एका वहीत लिहायचं.

बायकांना ते आवडत नसे. समोरच्या काकू उघडच म्हणत, "आरं पोरा, इहिरीला असं मोजत न्हाईत. दिष्ट लागती तिला."

"काकू, मी बघतोय फक्त."

"बघ की, पन मोजू नगंस. मानसाचं जेवान मोजल्यावानी वाटतंय."

माघ सरला आणि नेहमीसारखं पाणी उतरू लागलं. त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. खेड्यांतली माणसं गिरण्यांत काम शोधायला येत होती, आणि आमच्या गल्लीच्या मागे एका सावकाराने त्यांच्यासाठी घाईघाईने एक चाळ बांधली होती. पत्र्याच्या खोल्या, मध्ये मोरी, टोकाला संडास, आणि सगळं सांडपाणी जिरायला एक मोठा खड्डा. एका एका खोलीत आठ-आठ माणसं.

एके दिवशी भाऊ दोरी गुंडाळत घरी आला. मी पुढ्यात पेपरांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो.

"दादा, आपली विहीर चढतेय."

"काळ-काम-वेगाची गणितं झाली का?"

"झाली. दादा, बाकीच्या तिन्ही उतरतायत आणि आपली एकटीच चढतेय. पंधरा दिवसांत दोन गाठी."

"चढू दे. चांगलंच आहे."

"चांगलं कसं? कुठून येतंय ते पाणी?"

हा प्रश्न मी ऐकला होता. माझ्या कानांनी ऐकला होता. मी त्याला म्हटलं, "परीक्षेला साठ दिवस राहिले. विहिरीवर प्रश्न येणार नाही." त्याच्या हातातली दोरी घेतली आणि कपाटावर टाकली. वही मात्र त्याने दिली नाही, आणि मी मागितलीही नाही; पुढचं मोजणं तो पोहऱ्याच्या दोरावर विती धरून करत राहिला, हे मला नंतर कळलं.

फाल्गुन सरेपर्यंत ते सगळ्या गल्लीला दिसू लागलं. दुसऱ्या विहिरींवर पोहरा खडकावर आपटल्याचा आवाज यायचा, आणि आमच्या विहिरीत पाणी दिवसेंदिवस वर येत होतं. शेजारच्या पेठांतल्या बायका घागरी घेऊन येऊ लागल्या. काकूंनी ठरवलं, विहिरीची ओटी भरायची. एका मंगळवारी बायका जमल्या. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. पहिली ओटी आईने भरली, कारण गल्लीत वयाने ती मोठी आणि तिच्या हाताला गुण आहे असं सगळ्या म्हणत. विधवा म्हणून ती मागे सरत होती, तर काकूंनी तिचा हात धरून पुढे केलं. "तुमी आमच्या गल्लीच्या आई हायसा. देवीला काय विधवा नि सवाष्ण!" मी दारातून बघत होतो. आईचा चेहरा इतका उजळलेला मी वडील गेल्यापासून पाहिला नव्हता. ओटी भरून झाल्यावर तिने विहिरीचं ओंजळभर पाणी तीर्थासारखं घेतलं, आणि मग सगळ्यांनी घेतलं.

भाऊ कट्ट्याला टेकून उभा होता. त्याने घेतलं नाही.

त्या संध्याकाळी आईने मला विचारलं, "अरे, हा पाण्याचं काहीतरी म्हणतोय. पिऊ नका म्हणतो. खरं का रे?"

आई शिकलेली नव्हती. मी मास्तर होतो. तिच्या लेखी पुस्तकातलं जेवढं होतं ते सगळं माझ्याकडे होतं.

"डोकं भरकटलंय त्याचं," मी म्हणालो. "असं काही कुठे लिहिलेलं नाही. परीक्षा झाली की येईल ताळ्यावर."

"मग ठीक," आई म्हणाली, आणि माठावरचं फडकं नीट करून झोपायच्या तयारीला लागली. भाऊ तिथेच पाटावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखादं गणित मांडून झाल्यावर उत्तर बघावं तसं.

फायनलच्या आधी शाळेत आम्ही तयारीची परीक्षा घेत असू. आरोग्यशास्त्राचा पेपर मीच काढला होता. तिसरा प्रश्न होता, 'पिण्याचे पाणी दूषित होण्याची चार कारणे लिहा.' गुण चार. पुस्तकात कारणं क्रमवार दिलेली होती: विहिरीवर कपडे व भांडी धुणे, झाडाचा पाला पडून कुजणे, गुरे पाण्यात शिरणे, विहिरीस कठडा नसणे. सगळ्या वर्गाला ती तोंडपाठ होती. मीच रोज पहिल्या तासाला एका सुरात म्हणून घेत असे.

भावाने ती लिहिली नव्हती. त्याने लिहिलं होतं:

'आमच्या गल्लीतील विहिरीचे पाणी माघापासून पाच गाठी वर आले आहे. जवळच्या तीन विहिरींचे सात गाठी खाली गेले आहे. आमच्या विहिरीचे पाणी गिरणीची पाळी सुटल्यावर सुमारे दोन तासांनी थोडे चढते, कारण त्या वेळी मागील चाळीतील लोक आंघोळी करतात. रविवारी ते सर्वांत जास्त चढते. चाळीच्या खड्ड्यात मी ताता यांचेकडील लाल रंगाची पूड टाकली. तिसऱ्या दिवशी विहिरीत रात्रभर सोडलेले पांढरे सूत सोबत जोडले आहे. यावरून खड्ड्यातील पाणी मुरमातून विहिरीत येते. हे एकच कारण मला माहीत आहे. बाकी तीन मी पाहिलेली नाहीत.'

समासात टाचणीने वीतभर सूत टोचलेलं होतं. सूत गुलाबी झालं होतं. अगदी फिकट, अक्षतांना कुंकू लागतं तेवढंच. उजेडाशी धरल्याशिवाय दिसलं नसतं. मी ते उजेडाशी धरलं.

इथे मला थांबून नीट सांगायला हवं, कारण मनाशी मी हे इतक्या वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं आहे की त्यातलं सोयीचं कुठलं आणि खरं कुठलं याचा गोंधळ होतो. मला ते पटलं नाही असं झालं नाही. मला ते पटलं. ते सूत बोटात धरल्याबरोबर पटलं. आणि त्याच क्षणी मला भीती वाटली ती विहिरीची वाटली नाही. हा पोरगा खऱ्या परीक्षेत असंच लिहून चार गुण घालवणार, याची वाटली. मला हेही कळलं की त्याने हे मला सांगण्यासाठीच लिहिलं आहे. घरी मी त्याचं ऐकत नव्हतो. पण पेपर मला वाचावाच लागणार होता.

मी टाचणी काढली. उत्तरपत्रिकेला काही जोडू नये असा नियम होता. सूत खिडकीतून खाली टाकलं. उत्तरावर तांबड्या शाईने तिरपी रेघ मारली, समासात 'विषय सोडून' असं लिहिलं आणि चारपैकी शून्य दिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात, बाकीच्या मुलांदेखत, त्याला उभं करून ती चार कारणं दहा वेळा म्हणायला लावली.

पोरं हसली. मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "गुर्जी, हा इहिरीतलं बेडूक हाय!" मीही हसलो.

तो हसला नाही, रडलाही नाही. दहा वेळा म्हणाला. दहाव्या वेळेला त्याचा आवाज पुस्तकासारखाच सपाट झाला होता.

घरी येऊन मी पाणी उकळून प्यायला सांगू शकलो असतो. काही कारण न देता सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर तो खरा ठरला असता, आणि एकदा खरा ठरला की मग त्याला पुस्तकाशी बसवणं माझ्या हातात राहिलं नसतं. परीक्षा होऊ दे, मग चाळीच्या मालकाकडे जाऊ, असं मी मनाशी म्हटलं. पाच आठवडे होते. पाच आठवड्यांत काय होणार आहे, असं वाटलं.

ते पाच आठवडे तो फार चांगला अभ्यास करत होता. सांगावं लागत नव्हतं. पहाटे उठायचा, पाठ म्हणायचा, उत्तरं घड्याळ लावून लिहायचा. विहिरीकडे जायचा नाही. तातांनी एकदा दारात येऊन विचारलं, "छोटा मास्तर कुठं हाय? सूत ठेवलंय त्याच्यासाठी," तर तो आतूनच म्हणाला, "नको." मी हेडमास्तरांना सांगितलं, रंगाऱ्याला सांगून ठेवा. पण रात्री त्याचा पाठांतराचा आवाज आला की मला झोप लागत नसे. चार कारणं, सहा फायदे, पाच परिणाम. एकदाही कुठे अडत नव्हता. पूर्वी अडायचा, अडला की विचारायचा.

बाहेर विहीर चढतच होती. बायका म्हणत, आता हाताने घागर बुडवता येईल.

चैत्र संपता संपता मागच्या चाळीत पहिला माणूस पटकीने गेला. तो कुठल्याशा गावाहून आलेला होता, तेव्हा कोणी विशेष मनावर घेतलं नाही. दोन दिवसांनी चाळीतले आणखी तिघे. चौथ्या दिवशी आमच्या गल्लीत काकूंची सून. सकाळी तिने अंगण सारवलं होतं, संध्याकाळी तिला नेली. मग तातांचा नातू. गल्लीत दारं लावून घेतलेली, आणि त्या शांततेत रहाटाचा आवाज मात्र दिवसभर, कारण आजाऱ्यांना पाणी लागत होतं आणि सगळं पाणी तिथूनच येत होतं.

त्या दिवशी मी आमच्या घरातला माठ ओतून दिला. आई म्हणाली, "अरे, भरलेला माठ ओततोस?" भाऊ बघत होता. मी दूरच्या नळावरून पाणी आणून चुलीवर उकळत ठेवलं. ते निवायच्या आतच आईला पहिली उलटी झाली.

ती दीड दिवस होती. शेवटी तिला पाणी हवं होतं आणि मी चमच्याने ते उकळलेलं पाणी देत होतो. तिला ते गोड लागेना. "आपल्या विहिरीचं दे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीची माणसं आली आणि त्यांनी सगळ्या विहिरींत लाल औषध टाकलं. आम्ही स्मशानातून परतत होतो. भावाचं मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं. विहिरीपाशी तो थांबला आणि वाकून आत पाहिलं. पाणी काठोकाठ गुलाबी झालं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र त्याच्याकडे पाहत राहिलो, तो आता काहीतरी म्हणेल म्हणून. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्याच्याऐवजी काकू बोलल्या. सुनेच्या दुःखाने त्यांना भान नव्हतं. दारातून त्या किंचाळल्या, "ह्या पोरानं इहीर मोजली! म्या तवाच म्हनलं हुतं, मोजू नगंस! ह्यानं दिष्ट लावली तिला, ह्यानंच!" आजूबाजूची दारं उघडली. माणसं बाहेर येऊन त्याच्याकडे बघू लागली. कोणीतरी थुंकलं. ताताही दारात उभे होते, नातवाला पोचवून आलेले, आणि त्यांनीही मान खाली घातली.

माझ्या पेटीत ती उत्तरपत्रिका होती. मी गल्लीतला मास्तर होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर सगळे ऐकून थांबले असते: याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चल, घरात चल." माणसांना वाटलं, मोठा भाऊ धाकट्याला सांभाळून घेतोय.

परीक्षा सुतकातच आली, आईच्या नवव्या दिवशी. शेजारी म्हणाले, या वर्षी राहू द्या. मी त्याला विचारलं, "बसतोस?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." तोवर तो मला अरे-तुरे करत असे. टोपी घालून तो गेला आणि मी केंद्राच्या फाटकाबाहेर चार दिवस उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी आरोग्यशास्त्र होतं. बाहेर आल्यावर त्याच्या हातातला छापील पेपर मी घेतला. पाचवा प्रश्न: पिण्याचे पाणी दूषित होण्याची कारणे लिहा. गुण चार.

"काय लिहिलंस?"

"चार कारणं."

"पुस्तकातली?"

"हो." मग पुढे चालता चालता तो म्हणाला, "विषय सोडून काही लिहिलं नाही."

तो केंद्रात पहिला आला. रंगाऱ्याने पाटीवर त्याचं नाव लिहिलं तेव्हा हेडमास्तरांनी पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, ही खरी तुमची कमाई." पावसाआधी चाळीचा खड्डा बुजवला, तो सावकाराने म्युनिसिपालिटीच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, मी न जाताच. विहीर दोन आठवड्यांत उतरली आणि मग आटली.

जूनमध्ये त्याला पुण्याला पोचवायचं होतं. सामान बांधताना वळकटीला दोरी सापडेना, म्हणून तो स्टुलावर चढून कपाटावर चाचपडू लागला. मी म्हणायला गेलो की तिथे काही नाही. तोवर त्याच्या हाताला ती लागली होती. धुळीने करडी झालेली, गाठी तशाच. दगडही तसाच.

त्याने दगड सोडून खिडकीत ठेवला. दोरी ओढून बघितली, बळकट आहे का म्हणून. मग वळकटीभोवती दोन फेरे घेतले, गुडघा देऊन घट्ट आवळली, आणि म्हणाला, "हं. झालं. चला, गाडीची वेळ होईल."

स्टेशनपर्यंत मी ती वळकटी वाहिली. गाठी माझ्या तळहाताला रुतत होत्या, आणि मी त्या मोजत होतो.